कामावर हाताशी असेल त्यातून बनलेल्या वस्तू: तुमच्याकडे काय काय आहे?

लेथवाला_कुपवाड

कलाकुसरीचे धागे इथे बरेच येतात आणि सगळ्यांची पहिली ओळ ठरलेली: बाजारातून अमुक आणा, ऑनलाइन तमुक मागवा. क्विलिंगच्या पट्ट्या, रेझिनचं किट, ग्लू गन. छान असतं, नाही म्हणत नाही. पण मला दुसऱ्याच वस्तूंबद्दल वाचायचंय. कामाच्या जागी, कामाच्याच मालातून, दोन जॉबच्या मधल्या वेळात कुणीतरी करून ठेवलेल्या. करणारा त्याला कला वगैरे म्हणत नाही. विचारलं तर "आसंच की, बसल्या बसल्या" म्हणतो.

आधी आमच्याकडचं सांगतो. कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्कचं मशीन शॉप, मी तिथं सुपरवायझर. ज्यांनी लेथ मशीन चालताना बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: धातूचा जॉब गरागरा फिरतो आणि टूल त्याला कापत जातं. प्रत्येक धातू कापताना वेगळा वागतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापलं की काळा भुगा पडतो, हात काळे करणारा. पितळ बारीक सुयांसारखं चौफेर उडतं. ॲल्युमिनियमचे चकचकीत झुबके निघतात. आणि एमएस, म्हणजे साधं पोलाद, त्याची लांब कुरळी चिप सुटते, टूलला धार नीट असेल तर हातभर. कूलंट (टूल गार ठेवणारं पाणी) बंद करून जरा स्पीड वाढवला की ही चिप तापून रंग धरते. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग मोरपंखी निळा. रंग बाहेरून लावलेला नाही, पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो त्याचा आहे. साधारण २२०-२३० अंशाला पिवळा, ३०० च्या आसपास निळा.

आमच्याकडच्या एका जुन्या ऑपरेटरना सगळे बापू म्हणतात. त्यांनी मशीनमागच्या भिंतीला खिळा ठोकलाय, आवडलेल्या चिपा त्यावर अडकवतात. त्यातून मोर झाला. धड म्हणजे रिजेक्ट झालेलं बुश (पोकळ गोल तुकडा), मान म्हणजे वाकवलेला वेल्डिंग रॉडचा तुकडा, आणि पिसारा सगळा चिपांचा. पिसाऱ्यात कडेला पिवळा आणि आत निळा पाहिजे होता. मग काय, रफ कट (आधीचा जाडा कट) कुठल्या स्पीडला मारायचा हे महिनाभर मोराकडं बघून ठरत होतं! जॉब तोच, माप तेच, फिनिश कट नेहमीसारखा, त्यामुळे क्वालिटीवाल्याला पत्ताच नाही.

दुसरी वस्तू खंडेनवमीची. त्या दिवशी मशीनची पूजा असते हे सांगायला नको. आमच्याकडं रांगोळी विकत आणत नाहीत. काळ्याला बीडाचा भुगा, पिवळ्याला पितळ, रुपेरीला ॲल्युमिनियम, विटकरीला गंजलेला भुगा, आणि कड वॉशरची. हातानं सोडायची नाही, बोटं कापतात. कागदाचा पन्हळ करून त्यातून सोडायची. बीडाचा भुगा जड असल्यामुळे रेघ अशी सुरेख पडते की शिरगोळ्याच्या रांगोळीला तशी पडत नाही. मात्र पंखा बंद ठेवा, कारण ॲल्युमिनियम हलकं, ते पळतं.

मोरावरून एक मत झालंय माझं. असलं काम बाहेरच्या चित्रकाराला जमणार नाही, कितीही मोठा असू दे. कुठल्या फीडला (टूल पुढं सरकायच्या वेगाला) चिप मोकळी सुटते आणि कुठल्या फीडला घट्ट वळते हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याचंच हे काम.

आता तुमचं सांगा. दुकान, दवाखाना, शाळा, बँक, गुऱ्हाळ, काहीही चालेल.

गण्या_तासगाव

फोटो?? मोराचा फोटो टाकल्याशिवाय धागा बाद!
आमच्या बेदाण्याच्या शेडवर बायका काड्यांची झाडं करतात. मण्यांपासून सुटलेल्या काड्या असतात ना, त्यांचा आकारच मुळी वाळक्या झाडासारखा. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता गाडी भरायची आहे.

पेठेतली_हळद

मस्त धागा, दादा. आमचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. सौदे उरकले की दुपारी पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या) लिहायचं काम, आणि ते संपलं की पुढचा वेळ दिवाणजींचा. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते चित्रं काढतात. रंग म्हणून दोनच वस्तू: सॅम्पलमधल्या फुटक्या कांड्यांची पूड आणि चुना. चुना हमालांच्या डबीतला, तंबाखूबरोबरचा.

पूड पाण्यात कालवली तर रंग नुसता गढूळ होतो आणि खाली बसतो. हळदीचा पिवळा पाण्यात नीट विरघळतच नाही. कोरोनात आणलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या दुकानात पडून होत्या, दिवाणजी त्यात पूड मुरवतात. वर जी निवळ येते ती अशी पिवळीधमक की कागद उजळतो. हा झाला पहिला हात. तो वाळला की चुन्याची निवळी काडीच्या टोकानं लावायची. जिथं लागेल तिथं पिवळ्याचा लाल होतो, डोळ्यांदेखत. निवळी पातळ असेल तर केशरी, दाट असेल तर कुंकवासारखा. (पूर्वी कुंकू असंच हळदीपासून करायचे.) कुठं जास्त लाल झालं तर समोरच्या चहावाल्याकडून लिंबाची फोड आणायची, थेंब टाकला की परत पिवळं. खोडरबरच म्हणा. वाळल्यावर लाल जरा मंदावतो, तो हिशोब आधीच धरावा लागतो.

विषय सगळे यार्डातलेच. पाठीवर पोतं घेतलेला हमाल, तागाच्या बारदानावर पत्र्याच्या साच्यातून मार्का मारणारा पोऱ्या. एक चित्र हरिपूरच्या पेवाचं आहे. नवीन लोकांना माहीत नसेल, हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं काढून त्यात हळद साठवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीच कामातून गेली. पेव उघडलं की आत हवा नसते म्हणून लगेच कुणी उतरत नसे, चित्रातला माणूस तसाच काठावर उकिडवा बसून वाट बघतोय. दिवाणजींनी ते लहानपणी बघितलेलं आहे.

फ्रेम करून भिंतीवर लावूया म्हटलं तर नको म्हणाले, आणि ते बरोबरच आहे, हळदीचा रंग उन्हानं उडतो. चित्रं जुन्या चोपडीत ठेवलीत. २०१८ पासून सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तेव्हा रंगाला हलकं समजू नका कुणी!

लेथवाला_कुपवाड

@पेठेतली_हळद ताई, लिंबाचा खोडरबर! हे आज रात्रीच घरी करून बघणार.
@गण्या, मोराचा फोटो मालकांना विचारून टाकतो. शॉपमध्ये मोबाइल चालत नाही.

नियमावली

रंगाचा बेरंग करायची इच्छा नाही, पण मी एका कारखान्यात बरीच वर्षं टाइम ऑफिसला होतो म्हणून लिहितो. कंपनीच्या पगारी वेळात, कंपनीच्या मालातून केलेली वस्तू कंपनीची. भंगार म्हणजे फुकट नव्हे, किलोवर विकलं जातं, त्याची नोंद असते. उद्या बापू मोर पिशवीत घालून निघाले आणि गेटवर झडती झाली तर सिक्युरिटीवाला कला बघत नाही, मेमो निघतो. कौतुक करताना एवढं भान असावं. रफ कटचा स्पीड स्वतःच्या हौसेसाठी बदलणं तर मला अजिबात पटलेलं नाही. टूल कुणाच्या पैशानं झिजतंय?

लेथवाला_कुपवाड

टूलचा मुद्दा मान्य. जास्त स्पीडला इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) लवकर जातो, वाद नाही.
बाकीच्याचं उत्तर असं की मोर गेटबाहेर गेलेला नाही, जाणारही नाही. मालकांच्या केबिनमध्ये आहे, गिऱ्हाइकं आली की ते स्वतः दाखवतात. भीती मला चोरीची नाही, सफाईची वाटते. याआधी ज्या कंपनीत होतो (नाव नको) तिथं फाइव्ह-एसच्या (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) ऑडिटआधी सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या. एका वेल्डरनं स्पार्क प्लगचे वारकरी केले होते, वीणा, पताका, मृदंग सगळं, अख्खी दिंडी. "अनावश्यक वस्तू" म्हणून लाल टॅग लागला आणि चार दिवसांनी स्क्रॅपच्या बिनमध्ये. वेल्डर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा खायला आमच्यात बसायचा बंद झाला.

फिरस्ता_वाई

@नियमावली काका, तुमच्या मुद्द्यावरून नेकचंद आठवले. चंडीगढला पीडब्ल्यूडीत रोड इन्स्पेक्टर होते. नवं शहर वसवताना जुनी गावं पाडली, त्याचा राडारोडा: फुटक्या बशा, बांगड्या, फरशा, सिंकचे तुकडे. नोकरी सांभाळून हे सगळं सायकलवरून सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात न्यायचे आणि माणसं, प्राणी, भिंती उभ्या करायचे. १९५७ च्या सुमाराला सुरुवात. सरकारला पत्ता लागला तो जवळजवळ १८ वर्षांनी. जमीन सरकारी, परवानगी शून्य, म्हणजे पाडायचंच होतं. पण लोक मध्ये पडले आणि १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन म्हणून उघडलं. पुढे नेकचंदना पगार आणि हाताखाली ५० मजूर देऊन हेच काम दिलं.

मी बघून आलोय. फोटोत दिसत नाही ती गोष्ट म्हणजे बांगड्यांच्या तुकड्यांची कातडी. सिमेंटच्या बाईला काचेच्या बांगड्यांचे तुकडे इतके जवळजवळ लावलेत की लुगड्याला चुण्या पडल्यासारख्या वाटतात.

नियमावली

नेकचंद अपवाद होते हो. त्यांच्यामागं दहा जणांना नोटीस निघाली असेल, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. असो. वारकऱ्यांचं मात्र वाईट वाटलं. त्याला लाल टॅग लावायची गरज नव्हती, ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवता आले असते. आमच्याकडं ठेवायचो.

रसायनी_मास्तर

लेथवाले, रांगोळीची कल्पना झकास, पण एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाचा गंज एकत्र म्हणजे थर्माइट. रेल्वेचे रूळ जोडायला हेच मिश्रण पेटवतात, वितळलेलं लोखंड बाहेर येतं. तुम्ही रुपेरी आणि विटकरी शेजारी शेजारी घेताय, आणि पूजा म्हटल्यावर निरांजन, उदबत्ती, कापूर आलाच. लेथवरचे जाडे झुबके सहजासहजी पेटत नाहीत हे खरं, ग्राइंडरखालची मऊ पूड मात्र चुकूनही वापरू नका. ॲल्युमिनियमची मऊ पूड हवेत उडाली तर एकटीसुद्धा स्फोट करते. विटकरीसाठी गंजाऐवजी विटेचा चुरा घ्या आणि निरांजन रांगोळीपासून लांब, उंचावर ठेवा.

लेथवाला_कुपवाड

मास्तर, दंडवत. आम्ही झुबकेच कात्रीनं बारीक करून घेतो, पण यंदापासून गंज बंद. वीटभट्ट्या काय, सांगलीत पावलोपावली.

टिकटिक_सातारा

एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. मशीन यायच्या आधीची गोष्ट. पत्र्याच्या ट्रेमध्ये तिकिटांचे गठ्ठे असायचे, जितक्या किमती तितके रंग. पंच मारला की बारकी टिकली पडायची. संध्याकाळी ट्रे उलटा केला की मूठभर रंग. बरेच जण झटकून टाकायचे. मी काडेपेटीत भरायचो, एका पेटीत एक रंग.

वस्तीची गाडी असली की वेळच वेळ. पाटण भागातल्या एखाद्या गावात रात्री साडेआठला गाडी लावली की सकाळी सहापर्यंत तुम्ही आणि ड्रायव्हर. मंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी. जुन्या वेबिलाच्या (फेरीच्या हिशोबाच्या कागदाच्या) पाठीवर भाताची खळ लावून टिकल्या चिकटवायचो, कंदिलाच्या उजेडात. एक अजिंक्यतारा केला, खालून वर चढत जाणाऱ्या वाटेसकट. वाटेला पांढरा कमी पडला, कारण त्या किमतीचं तिकीट त्या रूटवर खपत नव्हतं. मग काय करणार? लांब पल्ल्याच्या गाडीवरच्या एका दोस्ताला सांगून त्याच्याकडच्या पांढऱ्या टिकल्या आणवल्या. आकाश मात्र भरपूर, निळं तिकीट सगळ्यात जास्त जायचं.

रंगांचा हिशोब प्रवाशांवर, आपल्यावर नाही. यात्रेच्या दिवसात एकच रंग मुबलक, म्हणून त्या दिवसात फक्त शेतं आणि डोंगर केले. आता मशीनमधून पांढरी पट्टी येते. काम सोपं झालं, नाही कशाला म्हणू. ट्रे घेऊन खांदा दुखायचा.

खडूतुकडा

टिकटिक काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वेबिलाची पाठ अजून जपून ठेवली असेल तर स्कॅन करा प्लीज.

मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. आमच्याकडं खडू. नियम एकच, फळ्यावर लिहिता येणार नाही एवढा लहान तुकडा झाला की मगच कोरायचा. साधा खडू प्लास्टरचा असतो, मऊ. कर्कटकाचं टोक आणि ब्लेड एवढ्यावर भागतं. डस्टलेस खडू जड आणि घट्ट, त्याला धार चांगली निघते पण कडांचे टवके उडतात. बैल करायचा तर आधी शिंगं, मग पाठ, पाय सगळ्यात शेवटी. कारण काम चालू असताना खालचाच भाग चिमटीत धरायचा असतो, पाय आधी मोकळे केले की बैल बसलाच. झाल्यावर फेविकॉल पाण्यात अगदी पातळ करून एक हात.

आषाढातल्या बेंदराला पोरं मातीचे बैल आणतात, वर्गात माझ्या खडूच्या जोडीशी त्यांची लढत लावतात. नेहमी मातीचेच जिंकतात. आणि फुंकर मारायची नाही, पूड नाकात जाते. ओल्या फडक्यावर कोरा.

कलासक्त

सगळ्यांचा हिरमोड करतो. हे सगळं गोड आहे, पण याला कला म्हणायचं का? फावल्या वेळातला विरंगुळा आहे. कलाकार साहित्य निवडतो. इथं साहित्यानं माणसाला निवडलंय, कारण दुसरं हाताशी नव्हतं. बापूंना उद्या ब्राँझ आणि स्टुडिओ दिला तर ते मोरच करतील का?

तुंबा_मिरज

@कलासक्त, आमच्या मिरजेत या आणि सितारमेकर गल्लीत हा प्रश्न विचारा. आज ज्यांचे तंबोरे देशभर जातात आणि ज्या कामाला २०२४ मध्ये जीआय मिळालं, त्यांचे पूर्वज शिकलगार. हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं आणि तेच हात वाद्यदुरुस्तीकडं आणि मग वाद्यांकडं वळले. साहित्य काय, तर पंढरपूरकडचे भोपळे आणि तुणीचं लाकूड. शेतातला कडू भोपळा! जो खायला चालत नाही तो आमच्याकडं येतो. "निवडलं" कुणी कुणाला, तुम्हीच ठरवा.

बापूंना ब्राँझ दिलं तर मला वाटतं ते आधी त्याचा तुकडा लेथला लावतील आणि चिप कशी निघते बघतील. मी तरी तेच करीन. भोपळा कापताना आतला गर वाळून कसा सुटतो, साल कुठं पातळ कुठं जाड, हे बोटानं टिचकी मारून कळायला लागलं की मग उरलेल्या तुकड्याचंही काहीतरी करावंसं वाटतं. आमच्याकडं उरलेल्या भोपळ्यांचे दिवे करतात, भोकं पाडून.

कलासक्त

टिचकीवर मी निरुत्तर. पण स्टुडिओच्या मुद्द्यावर ठाम आहे. :)

मिरजेची_सिस्टर

दवाखान्यातलं कुणीच लिहिलं नाही म्हणून. इंजेक्शनच्या व्हायलवर (औषधाच्या छोट्या बाटलीवर) रंगीत प्लास्टिकचं टोपण असतं, अंगठ्यानं उडवायचं. औषधाला त्याचा स्पर्श नसतो, आणि ते तयारीच्या टेबलावरच निघतं, पेशंटजवळ जात नाही. निळी, लाल, हिरवी, करडी, केशरी, नाना रंग. आमच्या वॉर्डात त्यांचं दिवाळीला तोरण होतं. दाभण तापवून भोक पाडायचं, टाक्यांचा दोरा नव्हे हं, साधा दोरा ओवायचा.

पण आधी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना विचारून, आणि फक्त टोपणं. सुई, सिरिंज, सलाइनचा सेट, काचेची व्हायल यांचे डबे ठरलेले आहेत, लाल, पांढरा, निळा, तिकडंच गेलं पाहिजे. इंटरनेटवर सिरिंजची झुंबरं दाखवतात, ती बघून कुणी वॉर्डातून काही उचलू नका. नाइट ड्यूटीला तोरण ओवताना एक आजी रोज रंग सांगायच्या, "आता हिरवं घे गं." डिस्चार्ज मिळाला तेव्हा स्वतःच्या बेडवरचं तोरण मागून नेलं.

मेडिकलवाला

माझं तर अगदीच किरकोळ. बिलाच्या मशीनचा थर्मल कागद. त्याला शाई लागत नाही, उष्णतेनं काळा होतो. म्हणून नखानं जोरात ओरखडा काढला तरी रेघ उमटते, घर्षणाची उष्णता पुरते. गिऱ्हाईक नसलं की रोलच्या शेवटच्या गुलाबी पट्ट्याच्या तुकड्यावर समोरच्या रस्त्याचं चित्र. नखानं बारीक रेघ, नाण्याच्या कडेनं जाड, आणि सावलीसाठी स्पिरिटचा बोळा, स्पिरिट लागलं की कागद काळा पडतो. बोळा अर्धवट वाळलेला पाहिजे, नाहीतर सगळंच अमावस्या. त्या कागदाला रसायनाचा लेप असतो, नंतर हात धुवा, विशेषतः डबा खायच्या आधी.

खडूतुकडा

हे टिकतं का पण? माझी एटीएमची पावती महिन्यात कोरी होते. वरून सेलोटेप मारला तर?

मेडिकलवाला

टेप अजिबात नको. टेपचा गोंद छपाई खातो, मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही तेच होतं. अंधारात, थंड जागी, साध्या कागदाच्या घडीत ठेवलं तर बऱ्यापैकी राहतं. मी आता लगेच झेरॉक्स मारतो, दुकान शेजारीच आहे, तो पैसेपण घेत नाही. गण्याभाऊ, काड्यांच्या झाडांचं काय झालं? गाडी भरून आठवडा झाला असेल की.

गण्या_तासगाव

आहे आहे, विसरलो नाही. ग्रेडिंग चालू आहे, बायकांना फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या साडी बदलून येतो मग काढ. रविवारी टाकतो. मोराचं काय झालं ते आधी सांगा.